दारची ओली बाळंतीण

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. चाकणजवळ म्हाळुंगे-निघोजे भागात एका बाजूला कारखान्याची लांबलचक भिंत आणि दुसऱ्या बाजूला कांद्याचे वाफे, अशी शेते आता जागोजागी दिसतात. अशाच एका शेताच्या बांधाला गटाराच्या कामासाठी आणलेले सिमेंटचे मोठे नळ पडून होते. वस्तीवर भाकरीच्या तुकड्याला येणारी तांबडी कुत्री त्यातल्या एका नळात व्याली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्तीवरचा पाचवीतला मुलगा शाळेतून परतत होता. नळातून कुईकुई ऐकू आली. वाकून पाहिले तर आत पाच पिले, आणि आईचा पत्ता नाही. पोराचे मन कळवळले. त्याने पाचही पिले दप्तरात घालून घरी आणली आणि वाटीत गाईचे दूध घेऊन बसला.

आजी चुलीपुढून उठली. "आरं, माय कुठंय त्यांची?"

"सोडून गेली आजी ती."

"सोडून कशाला जाईल? दोन दिस पोटात काय नव्हतं तिच्या, खायाला गेली आसंल. तुझी आय खुरपायला गेली म्हंजी तू काय पोरका झालास व्हय? आत्ताच्या आत्ता हुती तिथं ठिवून ये."

अंधार पडायच्या आत पिले परत नळात गेली. कुत्री तिथे आलेलीच होती आणि नळाच्या तोंडाशी घिरट्या घालीत होती. तिने एकेक पिलू हुंगले, चाटले आणि आत ओढून घेतले. पण पाचांतले एक दप्तराच्या तळाशी गारठले होते. सकाळी नळात चारच पिले जिवंत होती.

मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. त्याचा हेतू वाईट नव्हता. दया त्याच्याजवळ होती, फक्त माहिती नव्हती. ही माहिती थोरांनाही पुष्कळदा नसते. गाय व्याली, शेळी व्याली की काय करायचे हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण रात्रभर आपले खळे राखणारी कुत्री व्याली की आपण एक तर तिच्याकडे पाहत नाही, नाही तर नको तितकी ढवळाढवळ करतो. म्हणून आज या ओल्या बाळंतिणीविषयी चार गोष्टी.

भाद्रपद ते मार्गशीर्ष

भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पावसाळा सरता सरता गावातली कुत्री माजावर येतात. कुत्रीचा गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा, म्हणजे नऊ आठवड्यांचा. हिशेब केला तर पिले कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीत जन्माला येतात. घरात पाळलेली कुत्री वर्षात केव्हाही विते. मोकळी फिरणारी गावठी कुत्री मात्र बहुतेक याच दिवसांत विते.

या दिवसांत पुणे जिल्ह्यातला रात्रीचा पारा दहा-बारा अंश सेल्सिअसवर उतरतो, कधी त्याच्याही खाली जातो. नदीकाठच्या रानात तर गारठा अधिकच. इंद्रायणी आणि भामा या नद्यांच्या काठी शेती करणाऱ्यांना हे सांगायला नको. अशा थंडीत मूठभर, ओले, आंधळे पिलू जगते ते केवळ आईच्या पोटाशी मिळणाऱ्या उबेवर.

बाळंतपणाची जागा

विण्याआधी एक-दोन दिवस कुत्री अस्वस्थ होते. खाणे सोडते, धापा टाकते, माती उकरते, गोणपाट दातांनी फाडून त्याचे आथरूण करते. तिचे अंग एरवी १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट गरम असते. विण्याच्या आदल्या दिवशी ते ९९ च्या खाली जाते. थर्मामीटर असलेल्या घरात हा आडाखा बरोबर लागतो.

जागा ती स्वतः निवडते. कडब्याच्या गंजीचा आडोसा, कांद्याच्या बराखीखालची पोकळी, मोडक्या गाडीखालचा खड्डा, ओढ्याच्या मोरीचा नळ. पावसापासून कोरडी, वाऱ्यापासून आडोशाची आणि आत शिरायला एकच तोंड असलेली जागा तिला लागते. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकळ्या कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. त्यांना असे दिसले, की मोकळी कुत्रीसुद्धा विण्यासाठी दूरच्या रानात न जाता माणसांच्या वस्तीजवळची जागा निवडते. आपल्या हाताने तिला धोकाही असतो, पण आपल्याच उंबऱ्याजवळ तिचे पोटही भरते.

म्हणून तिने निवडलेली जागा अगदीच धोक्याची नसेल, तर ती बदलू नये. आपण चांगली खोली दिली म्हणजे ती तिथे राहीलच असे नाही. जागेशी फार छेडछाड झाली, की ती पिले तोंडात धरून दुसरीकडे नेते आणि त्या हलवाहलवीत एखादे पिलू मागे राहून दगावते.

वेताची रात्र

कुत्री बहुधा रात्री किंवा पहाटे, माणसांची वर्दळ थांबल्यावर विते. एका वेताला चार, पाच, कधी सात-आठ पिले होतात. दोन पिलांमध्ये अर्धा-पाऊण तास जातो. कधी दोन तासही जातात. प्रत्येक पिलू पातळ पिशवीत जन्माला येते. आई दातांनी ती पिशवी फाडते, पिलाचे नाक-तोंड चाटून मोकळे करते, नाळ चावून तोडते आणि पिलाला जिभेने उलटेपालटे करीत राहते. हे चाटणे नुसते लाडाचे नसते. त्या घासण्याने पिलू पहिला श्वास घेते, त्याचे रक्त खेळू लागते आणि अंग कोरडे होते. ओले अंग लवकर गार पडते.

गाईने वार खाऊ नये म्हणून आपण रात्र जागवतो. कुत्रीचे तसे नाही. ती प्रत्येक पिलामागची वार खाऊन टाकते आणि जागा साफ करते. रक्ताचा वास राहिला तर शत्रूला सुगावा लागतो, हे तिला उपजतच कळते. तिने वार खाल्ली म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

त्या वेळी आपण काय करावे? लांबून पाहावे, एवढेच. उजेड, गर्दी, मुलांचा गलका टाळावा. आईने पिशवी फाडली नाही आणि पिलू तडफडू लागले, तरच हात धुऊन पिशवी फाडावी, नाक पुसावे, कोरड्या फडक्याने पिलाचे अंग चोळावे आणि ते लगेच आईच्या तोंडाशी ठेवावे.

पहिले तीन आठवडे

जन्मलेल्या पिलाचे डोळे मिटलेले असतात आणि कानही बंद असतात. दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात. ऐकू येऊ लागते ते त्यानंतर, दोन-तीन आठवड्यांचे झाल्यावर. तोवर पिलाचे जग म्हणजे वास आणि ऊब. डोके डावी-उजवीकडे हलवीत ते उबेचा शोध घेत सरपटते आणि आईच्या पोटाशी पोचते.

पिलाच्या अंगाचा ताप पहिल्या आठवड्यात ९५ ते ९७ अंश फॅरनहाइट इतकाच असतो, आणि तेवढाही त्याला स्वतःला टिकवता येत नाही. थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि त्याने अंगात ऊब येते. नव्या पिलाला पहिल्या आठवड्यात कुडकुडताही येत नाही. आईचे पोट आणि भावंडांचा ढीग हीच त्याची वाकळ. पहिले दोन-तीन दिवस आई जागचीही हलत नाही, त्याचे कारण हेच. नंतर ती खाण्या-पिण्यासाठी, आडबाजूला जाण्यासाठी थोडा वेळ उठते. नळातली तांबडी अशीच उठली होती.

दुसरी गोष्ट चिकाची. वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजलाच पाहिजे, हे आपण जाणतो. कुत्रीलाही पहिला एक-दोन दिवस चीकच येतो. रोगांशी लढण्याची शक्ती त्यातूनच पिलाला मिळते. पण ती घेण्याची पिलाच्या आतड्याची ताकद पहिल्या दिवसातच संपते. जन्मल्या दिवशी आईपासून तोडलेले पिलू पुढे वाटीभर दूध प्याले, तरी ही शिदोरी त्याला पुन्हा मिळत नाही.

तिसरी गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पहिले तीन आठवडे पिलाला आपणहून लघवी किंवा शी करता येत नाही. आई त्याचे पोट आणि शेपटीखालची जागा चाटते, तेव्हाच ती होते, आणि आई ती चाटून टाकते. आथरूण कोरडे राहते, वास येत नाही, माश्या बसत नाहीत. घरी आणलेली पिले दूध पिऊनही पोट फुगून मरतात, त्याचे एक कारण इथे आहे. दूध पाजणारा हात असतो, चाटणारी जीभ नसते.

दुधाची फॅट

डेअरीवर रोज फॅट लावणाऱ्या वाचकांना एक हिशेब सांगतो. गाईच्या दुधाला साडेतीन-चार, म्हशीच्या दुधाला सहा-सात फॅट लागते. कुत्रीचे दूध तपासले तर फॅट सुमारे नऊपर्यंत जाते, आणि प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात. अशा दाट दुधावर पिलाचे वजन आठ-दहा दिवसांत दुप्पट होते. गाईच्या दुधात पाणी घालून पिलाला पाजणे म्हणजे त्याला अर्धपोटी ठेवणे होय.

पण हे दूध येते कुठून? आईच्या हाडामांसातून. पिले तीन-चार आठवड्यांची होतात तेव्हा दुधाचा जोर सर्वांत जास्त असतो. त्या वेळी कुत्रीला एरवीच्या दुपटी-तिपटीने अन्न लागते. नुसत्या शिळ्या भाकरीवर तिचे भागत नाही. भाकरी-भातात उकडलेले अंडे, वरण, थोडे दूध, मांसाहारी घर असेल तर शिजवलेल्या मांसाचे तुकडे घालून दिवसातून तीन वेळा द्यावे. तिखट-मीठ नको. जवळ स्वच्छ पाण्याचे भांडे सदैव भरलेले असावे. जनावर दूध देते ते आधी पाणी पिऊन.

चाकण ही कांद्याची पेठ, म्हणून आणखी एक सूचना. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, कुत्र्याला बाधतात. त्यांच्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कांद्याचे कालवण, भजी, झुणका व्यालेल्या कुत्रीपुढे टाकू नये.

दूर लोटणे हीही मायाच

तीन आठवड्यांनी पिलांना दुधाचे दात येतात. ते सुईसारखे टोचतात. मग आई आडवी पडून पाजण्याऐवजी उभ्याने पाजू लागते, मध्येच निघून जाते, कधी गुरगुरते. काही कुत्र्या खाऊन आलेले अन्न पिलांपुढे ओकतात आणि पिले ते खातात. पाहणाऱ्याला किळस येते, पण हे त्यांचे उष्टावण. पाखराची मादी चोचीतून भरवते, तसेच हे. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत दूध बहुतेक तुटते.

आई पिलांना हाकलते म्हणून काही माणसे तिलाच बोल लावतात. पण जवळ घेणे जितके गरजेचे, तितकेच वेळ येताच दूर लोटणेही. याची पारख दूरदेशीच्या शास्त्रज्ञांनीही केली आहे. स्वीडनमध्ये लष्करासाठी जर्मन शेफर्ड कुत्री पैदा करतात. तिथल्या २२ वेतांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन आठवड्यांत ज्या पिलांना आईने जास्त चाटले, जास्त वेळ जवळ ठेवले, ती मोठेपणी माणसांत अधिक मिसळणारी, कामात पुढे होणारी निघाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतून दुसरी बाजू पुढे आली. अंध माणसांना वाट दाखवणारी कुत्री तिथे शिकवून तयार करतात. अशा ९८ पिलांची पाहणी झाली. ज्यांच्या आया सतत पिलांवर पडून राहत, त्यांची पिले शिक्षणात मागे पडली. ज्या आया उभ्याने किंवा बसून पाजत, पिलांना थोडी धडपड करायला लावत, त्यांची पिले जास्त यशस्वी झाली.

दोन्हींचा मेळ घातला तर अर्थ एकच निघतो. सुरुवातीला भरपूर ऊब द्यावी आणि पुढे हळूहळू स्वतःच्या पायांवर उभे करावे. कधी काय करायचे हे आईला बरोबर कळते. आपण पंधरा दिवसांचे पिलू उचलून आणतो तेव्हा पहिली गोष्ट अर्ध्यावर तोडतो आणि दुसरी तर होऊच देत नाही. आठ आठवडे आई-भावंडांत राहिलेले पिलू चावण्याची मर्यादा शिकते. खेळताना जोरात चावले की भावंड ओरडते, आई दटावते. हे शिक्षण न झालेले कुत्रे पुढे घरच्या पोरांनाच चावते. राखणीला चांगले कुत्रे हवे असेल, तर दोन महिने धीर धरावा.

कुत्र्यांचेही गणगोत

पिले सांभाळण्याचे काम एकटी आईच करते असे नाही. बंगालच्या त्याच संशोधकांनी एका कळपात आजीने नातवंडांची राखण केलेली, त्यांना भरवलेली नोंदवली आहे. एका कुत्रीची पिले दुसरीने पाजल्याचे, नर पिलांशी खेळल्याचे आणि त्यांचे रक्षण केल्याचेही त्यांनी पाहिले. २०१८ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी याला चक्क भारतीय एकत्र कुटुंबाची उपमा दिली. आपल्या घरांतून एकत्र कुटुंब कमी होत चालले. ते कुत्र्यांत अजून टिकून आहे म्हणायचे!

याचा एक व्यवहारी उपयोग आहे. पिलांची आई खरोखरच मेली आणि जवळ दुसरी व्यालेली कुत्री असेल, तर पोरकी पिले तिच्या पिलांत मिसळून पाहावीत. तिच्या आथरुणाच्या फडक्याने ती आधी पुसून घ्यावीत, म्हणजे वास एक होतो. पुष्कळदा ती त्यांना आपलीच म्हणून घेते.

कारखानपट्ट्यातले हाल

आता आपल्या भागाकडे वळू. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. पुढे औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली. पुढच्या काळात चाकणला मोटारींचे मोठमोठे कारखाने आले. खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, खालुंब्रे या गावांतून जमिनी गेल्या. शेतांच्या जागी गोदामे आणि भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. गुरे विकली गेली, गोठे मोडले. गोठ्याच्या आडोशाने विणारी कुत्री मात्र तिथेच राहिली. ती आता उभ्या ट्रकखाली, भंगाराच्या ढिगात, बांधकामाच्या खड्ड्यात विते.

वर सांगितलेल्या संशोधकांनी २०१६ साली पिलांच्या मृत्यूचा हिशेब मांडला. ९५ वेतांतल्या ३६४ पिलांवर त्यांनी लक्ष ठेवले. वयात येईपर्यंत जगली ती शंभरात केवळ १९. जी गेली त्यांतल्या शंभरात ६३ पिलांच्या मृत्यूमागे या ना त्या प्रकारे माणूस होता. गाडीखाली सापडणे, मारणे, विष घालणे, आईपासून उचलून नेणे. हे आकडे बंगालचे आहेत. पण आपल्या रस्त्यावरून सकाळी जाणाऱ्याला ते परके वाटणार नाहीत.

उसाच्या पट्ट्यात बिबट्याचीही धास्ती आहे. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांना ती नवी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा सर्वांत मोठा वाटा, वजनाने सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. व्यालेली कुत्री उसाच्या कडेला असेल, तर रात्री तिला आणि पिलांना बंदिस्त अंगणाजवळ आडोसा द्यावा. जागा हलवावी लागली तर आईला सोबत घेऊन, तिच्या डोळ्यांदेखत, सगळी पिले एकदम हलवावीत.

आणि पाहा, ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडले तर वनखाते काय करते? त्यांना शहरात नेत नाही. सापडले तिथेच किंवा जवळपास पेटीत ठेवून रात्री आईची वाट पाहते, आणि जुन्नर भागात अशी कितीतरी बछडी आईने परत नेली आहेत. वस्तीवरच्या आजीने नातवाला जे सांगितले, तेच वनखात्याचे शास्त्र आहे.

आपण एवढे करावे

१. एकटी पिले दिसली तर उचलू नका. लांब उभे राहून तीन-चार तास वाट पाहा. पिले गरम, गुबगुबीत आणि झोपलेली असतील तर आई जवळपासच आहे. पिले गार पडली असतील आणि सारखी रडत असतील, तरच हात घाला.

२. झोपेत पिलांचे अंग मधूनमधून उडते. ते झटके नव्हेत; निरोगीपणाची खूण आहे.

३. जागेला गोणपाट, कोरडे भुसकट किंवा जुनी गोधडी द्या. वरून पत्रा किंवा ताडपत्रीचा आडोसा करा. ओले आथरूण बदला.

४. गार पडलेल्या पिलाला आधी ऊब, मग दूध. गार पोटात दूध पचत नाही. पिलू छातीशी धरावे, किंवा कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. चुलीजवळ ठेवू नये.

५. पोरक्या पिलाला पालथे धरून पाजावे, उताणे नव्हे. दूध फुप्फुसात जाते. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजावे. पिलांसाठी दुधाची भुकटी औषधाच्या दुकानात मिळते, तीच उत्तम. कोणती आणि किती ते पशुवैद्याला विचारावे. प्रत्येक पाजणीनंतर कोमट ओल्या कापसाने शेपटीखालची जागा हळूहळू पुसावी, म्हणजे आईच्या जिभेचे काम होते.

६. आईच्या पोटातून आणि दुधातून पिलांना जंत होतात. दोन आठवड्यांच्या पिलापासून जंताचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे. हे जंत लहान मुलांनाही बाधतात. पिलांना हात लावल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत. सहा-आठ आठवड्यांपासून रोगप्रतिबंधक लसी, तीन महिन्यांनी पिसाळाची लस.

७. दूध तुटल्यावर कुत्रीची नसबंदी करून घ्यावी. ही जबाबदारी २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थांची आहे, आणि नसबंदीनंतर कुत्रे होते त्याच जागी सोडायचे आहे. ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेकडे सगळ्यांनी मिळून लेखी अर्ज द्यावा. नाही तर सहा-सात महिन्यांनी ती पुन्हा माजावर येऊ शकते.

पशुवैद्याला केव्हा बोलवावे?

कुत्री कळा देते आहे आणि दोन तासांत पिलू येत नाही. पहिले पिलू येण्याआधीच हिरवट-काळा स्राव आला. विल्यानंतर घाण वास येतो, ताप भरतो. एखादे थान लाल, टणक आणि गरम झाले. हा गाईच्या दगडीसारखाच आजार. आणि सर्वांत घाईचा आजार म्हणजे कॅल्शियम उतरणे. गाईच्या दुग्धज्वराचीच ही बहीण, पण लक्षणे उलटी. गाय थंड पडून मान टाकते. कुत्री थरथर कापते, पाय ताठ होतात, धाप लागते, अंग तापते. पिले एक ते चार आठवड्यांची असताना हे होते. पिले लगेच बाजूला घ्यावीत आणि कुत्रीला तासाभरात उपचार मिळेल असे पाहावे. इंजेक्शन वेळेवर मिळाले तर ती हमखास उठते. उशीर झाला तर हाती लागत नाही.

ती गुरगुरली तर

व्यालेली गरीब कुत्रीसुद्धा जवळ आलेल्यावर गुरगुरते. ती पिसाळलेली नसते, राखण करीत असते. मुलांना तिच्या जवळून पळू देऊ नये, पिलांना हात लावू देऊ नये. तरीही चावलीच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी आणि सांगितलेली सगळी इंजेक्शने पुरी करावीत. लहान पिलाचा दात किंवा नख लागले तरी हेच करावे. पिसाळ झाल्यावर औषध नाही. आधी लस घेतली तर भय नाही.

चंपाषष्ठीचा घास

खेड तालुक्यात खंडोबाचे निमगाव आहे. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला घरोघरी वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा होतो, देवाला नैवेद्य दाखवतात आणि देवाचे वाहन म्हणून एक घास कुत्र्यालाही घालतात. कुत्र्या विण्याचे दिवस नेमके तेच. त्या घासात कांदा नसावा आणि तो एका दिवसाने थांबू नये, एवढे पाळले तर आपला कुळाचार आणि ओल्या बाळंतिणीची गरज यांची गाठ आपोआप पडते.

त्या वस्तीवरची चार पिले आज मोठी झाली आहेत. आठ आठवडे पुरे होईपर्यंत आजीने एकही कुणाला नेऊ दिले नाही. मुलाने नळाच्या तोंडाशी गोणपाटाचा पडदा बांधला आणि रोज शाळेतून आल्यावर तांबडीची थाळी भरू लागला. पिलांना हात मात्र लावला नाही. चौथ्या आठवड्यात एक दिवस पिलेच डुलत डुलत नळाबाहेर आली आणि त्याच्या पायाशी बसली. तांबडी शेजारीच आडवी पडली होती. तिने मान वर करून पाहिले आणि पुन्हा खाली ठेवली.